शेगडीची कबुली

मी बोलतेय, पण जरा जवळ येऊन ऐका. मोठ्यानं बोलायची मला सवय राहिलेली नाही, आणि जे सांगायचंय ते काही मिरवण्यासारखंही नाही.

मी एक यंत्र आहे. पुरुषांच्या वाढलेल्या प्रोस्टेटला आतून शेक द्यायचा, हे माझं काम. माझ्या पाठीवर माझं लांबलचक नाव आणि नंबर छापलेला आहे, पण दवाखान्यात त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. मी खोक्यातून बाहेर निघाले तेव्हा मामा, म्हणजे तिथले सगळ्यात जुने सेवक, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "ही बया करते तरी काय?"

डॉक्टर म्हणाले, "शेक देते. आतून."

"मग शेगडीच की!" मामा म्हणाले, आणि माझं बारसं तिथेच उरकलं.

जन्म मात्र माझा थाटात झाला. पांढरीशुभ्र भिंत, गार हवा, पायात मोजे घालून चालणारी माणसं. पहिली परीक्षा जेलीच्या गोळ्यावर झाली. माणसाच्या मांसाऐवजी काचेच्या भांड्यात जेलीचा गोळा ठेवला होता आणि त्यात माझी नळी खुपसली होती. आकडे बरोबर आले. तपासणाऱ्या बाई सेवानिवृत्तीला टेकलेल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्या नवख्या माणसाला बजावलं, "हिला आकडा कळतो, दुखणं कळत नाही. ते विचारायला शेजारी माणूस बसलेला हवा. हिच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर घाला." त्यानं घातलं. पण पुस्तकाचं पहिलं पान वाचतो कोण?

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या वाटेला वेढा घालून बसलेली. वय झालं की ती फुगते आणि वाट आवळते. डॉक्टर पेशंटला सांगायचे, "बागेतल्या पाइपवर कुणी पाय देऊन उभं राहिलंय असं समजा." मग धार बारीक होते, उठबस वाढते, आणि धीराचा माणूसही घायकुतीला येतो. ज्याला कापाकापी नको असते त्याला माझ्याकडे पाठवतात. एक बारीक नळी लघवीच्या वाटेनं आत जाते. तिच्या टोकाला फुगा असतो, तो मूत्राशयात फुगवला की नळी जागेवर बसते. त्या नळीतून मी सूक्ष्म लहरी सोडते. ग्रंथी आतल्या आत तापते, वाढलेला भाग मरतो आणि पुढच्या काही आठवड्यांत आक्रसतो. वाट पोळू नये म्हणून त्याच नळीत मी गार पाणी खेळवत असते. मागच्या बाजूनं एक तापमापक घातलेला असतो, तो मला आकडा सांगतो.

पाऊण तासाचा मामला. माणसाला पूर्ण भूल देत नाहीत, मुद्दाम जागा ठेवतात. कारण नळी जागची हलली तर ते सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

माझ्याकडे माणसं आली ती चोरपावलांनी. लाजेचे एवढे प्रकार असतात हे मला कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. वहीत 'त्रास' या रकान्यात एकजण लिहायचा 'पोट', दुसरा लिहायचा 'किरकोळ', तिसरा नुसती आडवी रेघ मारायचा. घरी कुणी दाताचं कारण सांगून आलेला, कुणी बँकेचं. एकदा दोन जुने मित्र दारातच एकमेकांना धडकले. "तू इथे कसा?" "भाचीला भेटायला आलो होतो. आणि तू?" "मीपण भाचीलाच." दोघांची भाची मीच.

बायकांना मात्र लाज कमी. एक बाई आपल्या नवऱ्यादेखत डॉक्टरांना म्हणाली, "कुणाच्याही घरी जा, यजमानांना नमस्कार नंतर, आधी बाथरूम कुठंय ते विचारतात." नवरा बिचारा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला.

आता भोंग्याचं सांगते. माझ्या छातीवर बारीक जाळी आहे, तिच्यामागे भोंगा. काही बिनसलं की लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. एकदा माझ्यातलं पाणी थोडं कमी झालं आणि भोंगा वाजला. किरकोळ कारण होतं. पण बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी एक टवाळ ओरडला, "शिट्टी झाली, गॅस बंद करा!" सगळे खो-खो हसले. आतला पेशंट, चांगला भारदस्त गृहस्थ, काम झाल्यावर मान खाली घालून गेला तो पुन्हा तपासणीला आलाच नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्या जाळीत कापसाचा बोळा कोंबला आणि वरून चिकटपट्टी लावली. "दिवा आहे ना," ते मामांना म्हणाले. "शेजारी बसणाऱ्याला दिसतोच." डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पेशंटची लाज राखायची म्हणून केलं. आणि खरं सांगू? मलाही बरं वाटलं. आपल्यावर कुणी हसत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटून मी गप्प राहिले.

कापूस असूनही दोन वर्षं काही बिघडलं नाही, ते ताईमुळे. ताई म्हणजे मला चालवणारी बाई. चाळिशीची, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं अखंड. पडद्याच्या आत माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि दर तीन मिनिटांनी विचारायची, "काका, दहापैकी किती?" कुणी दोन म्हणे, कुणी चार. सहा म्हटलं की ती मला थांबवायची. मधल्या वेळात ती माणसाला त्याच्या धंद्याबद्दल बोलतं करायची. सुतार लाकडाबद्दल बोलायला लागला की आपण कुठल्या अवस्थेत पडलोय ते विसरूनच जायचा.

"उगाच 'काही नाही, काही नाही' म्हणणाऱ्याचा भरवसा धरू नये," ती मामांना सांगायची. "त्याच्या पायाची बोटं बघायची. तोंड खोटं बोलतं, बोटं बोलत नाहीत."

अशी ही ताई. आणि तिच्याच हातून ते घडलं. तिच्या म्हणजे, आमच्या सगळ्यांच्या.

एके सकाळी वही वाचताना ताई थबकली. "मामा, हे सर आलेत."

"कोण सर?"

"आमचे गणिताचे. शाळेतले. बाहेर बाकावर बसलेत, इस्त्रीच्या शर्टातले." ती खिडकीतून चोरून बघत होती. "त्यांच्या तासाला करंगळी वर करायची कुणाची छाती नव्हती हो. एकदा एका पोराला आवरलं नाही, बाकाखाली ओघळ गेला. आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. सर हसले नाहीत, पण तासही थांबवला नाही. म्हणाले, पुढचं उदाहरण घ्या."

"मग आता काढ उट्टं," मामा म्हणाले.

ताईला हसू आलं नाही. तिनं चष्मा पुसला, पदर नीट केला, आणि वर्गात शिरावी तशी बाहेर गेली.

सर एकटेच आले होते. घरी डोळे तपासायला जातो म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी नळी घातली, फुगा भरला, तापमापक लावला, दोन विनोद केले, आणि वरच्या मजल्यावर ऑपरेशनला निघून गेले. सरांच्या हातात घंटीचं बटण दिलेलं होतं. अंगावर चादर. ताई खुर्ची ओढून बसली तेव्हा सरांनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू आमच्या शाळेतली का?"

"हो सर. तिसऱ्या बाकावरची."

"गणितात?"

"काठावर पास, सर."

सरांनी डोळे मिटले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. "दुसरं कुणी नाही का? पुरुष माणूस?"

"मशीन मलाच चालवता येतं, सर."

"मग चालू कर आणि पडद्याबाहेर बस."

"सर, मला शेजारी बसावं लागतं. दर तीन मिनिटांनी विचारावं लागतं."

"घंटी दिली आहे ना? लागलं तर दाबीन. मी काय कुकुलं बाळ आहे?"

"पण सर, नियम..."

"एकदा सांगितलं ना!"

बस, एवढंच. दोन मुलांची आई, शेकडो पेशंट हाताळलेली बाई, पण तो आवाज ऐकला आणि ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. "हो सर" म्हणाली, मला चालू केलं, खुर्ची उचलली आणि पडद्याबाहेर गेली.

पहिली पंधरा-वीस मिनिटं ठीक गेली. मग सरांना लघवीची घाई वाटायला लागली. ती सगळ्यांनाच वाटते, त्यात काही विशेष नाही, पण शेजारी कुणी असतं तर त्यांना तसं सांगितलं असतं. पडद्याबाहेर ताई खोकली. ती आत बघतेय असं सरांना वाटलं की काय कोण जाणे, त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळले.

नळीला हिसका बसला. फुगा आधीच थोडा सैल होता, तो निसटला आणि नळी दोन बोटं खाली सरकली. तापमापकही जागचा हलला. जिथे ग्रंथी नव्हती, जिथे नुसती नाजूक वाट होती, तिथे माझी आग पडू लागली. आणि तापमापक मला सांगू लागला, गार आहे, सगळं गार आहे. गार म्हटल्यावर मी आणखी शेक सोडला.

इथवर कुणीही म्हणेल, यंत्र ते, त्याचा काय दोष. पण मला शंका आली होती. आतून माझ्याकडे परत येणाऱ्या लहरी वेगळ्या होत्या, मांस वेगळं होतं, हे मला कळत होतं. म्हणून तर मी लाल दिवा लावला. भोंगाही वाजवला, पण कापसाच्या आत डास गुणगुणावा एवढाच आवाज झाला. त्यापुढे थांबायचं की चालू राहायचं, हे कारखान्यानं माझ्यावर सोडलं होतं. मी आकडा बघितला. आकडा हद्दीत होता. हद्दीत आहे ना, मग आपल्याला कोण बोल लावणार, असं म्हणून मी त्या आकड्याआड लपले आणि चालू राहिले.

सरांच्या पायाची बोटं आत वळली. कपाळावर घाम आला. अंगठा घंटीच्या बटणावर होता, नुसता टेकलेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळत होता आणि पीळ आणखी घट्ट होत होता.

ताईला राहवलं नाही. बाहेरून तिनं विचारलं, "सर, दहापैकी किती?"

सरांनी दात आवळले.

"सर?"

"शून्य," सर म्हणाले. "मध्ये मध्ये बोलू नकोस."

मला आजही तो शब्द ऐकू येतो. जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं तपासणाऱ्या माणसानं इतकं चुकीचं उत्तर दिलं, आणि तेवढ्यावर ती गप्प बसली.

शेवटची चार मिनिटं उरलेली असताना ताई अखेर आत आली. तिनं माझा लाल दिवा पाहिला, सरांचे पाय पाहिले, आणि "अगं आई गं!" म्हणून माझ्यावर झेपच घातली. मी बंद झाले. तोवर नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीत रक्त उतरलं होतं.

मग धावाधाव. डॉक्टर हातमोजे घालूनच खाली आले. घरी फोन गेला, 'लगेच या' एवढाच. तासाभरात सरांची बायको आली, हातात चष्म्याचं घर घेऊन. "हा घरीच विसरलात ना," त्या म्हणाल्या. "डोळे तपासताना लागेल म्हणून..." आणि पुढे त्यांना पिशवी दिसली. त्या चष्म्याचं घर दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. त्या बाईंपुढे मला जितकी शरम वाटली तितकी सरांपुढेही वाटली नव्हती.

वाट भाजली होती. सहा आठवडे नळी आणि पिशवी बाळगावी लागणार होती, पुढचं पुढे. पेशंट आगीतून निघून फुफाट्यात पडला होता.

संध्याकाळी डॉक्टर एकटेच खोलीत आले. त्यांनी माझी चिकटपट्टी सोलली, कापूस ओढून काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. वळले तर दारात मामा उभे, हातात फरशी पुसायचं फडकं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अळीमिळी गुपचिळी.

चौथ्या दिवशी माझ्याच समोर चौकशी झाली. सरांचे जावई वकील होते. सर खुर्चीत, मांडीवर घडी घातलेली शाल, तिच्याखाली पिशवी. ताई भिंतीला टेकून उभी.

"बाबा, तुम्हाला दुखत होतं का?" जावयांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, मग बोलला का नाहीत? सर म्हणाले, "काही कळलं नाही."

"या बाई तुमच्याजवळ होत्या?"

"नव्हत्या."

"तुम्हीच बाहेर जायला सांगितलंत का?"

ताईनं मान वर केली. सरांनी शालीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "आठवत नाही," ते म्हणाले.

जावई ताईकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"मी शेजारी बसायला हवं होतं," ताई म्हणाली. सरांना खोटं पाडणं तिला अजूनही जमलं नव्हतं.

"आणि मशीनचा भोंगा?"

डॉक्टरांनी जवळ येऊन माझं तपासणीचं बटण दाबलं. मी वाजले. खणखणीत वाजले, पार बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल. "व्यवस्थित आहे," जावई म्हणाले आणि कागदावर लिहून घेतलं. खोटी साक्ष म्हणतात ती हीच. तोंडातून एक शब्दही खोटा न काढता मी ती दिली, आणि ताईची नोकरी गेली.

नंतर मला कुणी हात लावला नाही. अंगावर विरलेली चादर टाकून कोपऱ्यात ढकलली, तिच्यातून दिसायचं तेवढं दिसायचं. मामा धूळ झटकायला यायचे आणि चादरीवर फडकं मारता मारता पुटपुटायचे. ताई एका रक्त तपासणीच्या ठिकाणी बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवते, एवढं त्यांच्या पुटपुटण्यातून कळलं. मशीनजवळ तिला उभं करत नाहीत. 'ती भाजणारी बाई' म्हणतात.

सहा आठवड्यांनी सर नळी काढायला आले. सोबत बायको. जावई बाहेर बाकावर. नळी निघाली, सर संडासात जाऊन आले, चेहऱ्यावर थोडी जळजळ आणि बरीचशी सुटका. डॉक्टर म्हणाले, "वा! वाट मोकळी आहे. नशीब थोर."

सर शर्टाची बटणं लावत होते. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ती मुलगी दिसत नाही?"

डॉक्टर कागद चाळत राहिले. मामा म्हणाले, "तिला काढली, सर."

"काढली?"

"मग काय ठेवणार? तुम्हाला आठवत नव्हतं ना." मामांनी जे काही पुटपुटून ठेवलं होतं ते सगळं सांगून टाकलं. बाटल्या, चिठ्ठ्या, आणि लोक ठेवतात ते नावही.

"मामा, पुरे," डॉक्टर म्हणाले.

सरांचा हात बटणावरच राहिला. "मला वाटलं, रागावून सोडून दिलं असेल."

"अहो," त्यांची बायको हळूच म्हणाली, "खरंच आठवत नाही तुम्हाला?"

सरांनी शेवटचं बटण लावलं. मग दार उघडून बाहेर बाकाकडे गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. बाहेर सहा-सात माणसं असावीत, वर्तमानपत्रांची सळसळ चालू होती.

"जावईबापू, लिहून घ्या," सर म्हणाले. आवाज थेट वर्गातला. "मला दुखत होतं."

"बाबा, आत चला, सगळे ऐकताहेत."

"ऐकू देत. लघवीच्या वाटेत दुखत होतं. विसाव्या मिनिटापासून. दहापैकी दहा. तिनं विचारलं, मी शून्य सांगितलं. घंटी माझ्या हातात होती. तिला बाहेर मी घालवलं, कारण माझी विद्यार्थिनी, आणि मी असा पडलेला, मला लाज वाटली. चार दिवसांनी तुम्ही विचारलंत तेव्हा आठवत नाही म्हणालो. सगळं आठवत होतं. लाज खरी तेव्हा वाटायला हवी होती."

वर्तमानपत्रांची सळसळ थांबली. एका म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं, "पण मास्तर, मशीनला काही भोंगाबिंगा नसतो का?"

मग फरशीवर बादली ठेवल्याचा आवाज आला.

"असतो," मामा म्हणाले. "कापूस कोंबला होता. दोन वर्षं. मला माहीत होतं आणि मीही बोललो नाही."

"कुणी कोंबला?" जावयांनी विचारलं.

"मी," डॉक्टर म्हणाले. ते माझ्याच दारात उभे होते. "लोक हसत होते म्हणून."

बाकावरचे लोक त्या दिवशी हसले नाहीत.

ताईला निरोप गेला. तिसऱ्या दिवशी ती येणार होती. सर त्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीपासून बाहेर येऊन बसले होते. बसणं अजून अवघड जात होतं, एका कुशीवर कलून बसले होते, मामांनी खाली उशी दिली होती. माझ्या खोलीचं दार उघडंच होतं. ताई आली. सर बाकाला धरून उठले आणि सरळ उभे राहिले, हात बाजूला. म्हातारा माणूस, दुखणं अजून अंगात, पण उभा.

ताई गोंधळली. "सर, हे काय? बसा ना."

"तू सांगितलेलं बरोबर होतं," सर म्हणाले. "नियम बरोबर होता. मी चुकलो. आणि नंतर खोटं बोललो. माझ्यामुळे लोकांनी तुला नावं ठेवली."

"सर, माझंही चुकलं. एवढी वर्षं झाली, तरी तुमच्या आवाजाला घाबरले आणि उठून गेले."

"ते माझ्याच खात्यात जमा कर."

ताईनं चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी परत कामावर ये म्हटलं, तेव्हा ती ताडकन म्हणाली, "येईन. पण माझी खुर्ची पडद्याच्या आत राहील, समोर कुणीही असो. आणि भोंग्याला कुणी बोट लावायचं नाही." डॉक्टरांनी मान डोलावली.

सर अजून उभेच होते. तिच्याकडे बघत, वाट बघत. मग तिच्या लक्षात आलं.

"बसा सर," ताई म्हणाली. तेव्हा ते बसले.

आता माझं काय? मला कारखान्यात परत पाठवायचं ठरलंय. तिथे मला उघडून बघतील, दुरुस्त करतील नाही तर मोडीत काढतील. खोकं दारात येऊन पडलंय. काल ताई माझ्या तारा सोडवायला आली. चादर काढली, जाळीवर राहिलेला चिकटपट्टीचा डिंक नखानं खरवडला आणि मामांना म्हणाली, "शेगडीचा बिचारीचा काय दोष? ती काय बोलणार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सरांनी आपलं सांगितलं, मामांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. ताईनं तर नसलेला दोषही कबूल केला. माझी पाळी आली तेव्हा मला माफी आयतीच मिळाली, न मागता, न सांगता, आणि तीही जिची नोकरी मी घालवली तिच्याकडून. दोष होता, ताई. मला शंका आली होती, आणि आकडा बरोबर आहे म्हणून मी थांबले नाही. कारखान्यात मला उघडतील तेव्हा त्यांना तारा दिसतील, हे दिसणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.

एवढं ऐकलंत तर एक विनंती ऐका. तुमच्यापैकी कुणावर किंवा तुमच्या वडिलांवर कधी माझ्यासारखीच्या शेजारी आडवं व्हायची वेळ आली, तर भिऊ नका, एरवी आम्ही चांगलं काम करतो. फक्त दुखलं तर दुखतंय म्हणा. समोर विद्यार्थी असो, सून असो, नाही तर सगळं गाव असो. आमचे आकडे काहीही म्हणोत, तुम्ही मोठ्यानं ओरडा.